इंग्लंडची पेन्शन आणि चिआंग माईत घर: कुणी राहतंय का तिथे?

हॅरोकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मूळ डोंबिवलीचा, गेली बरीच वर्षं लंडनच्या हॅरोत. मी ६१, बायको ५७. पासपोर्ट दोघांचेही ब्रिटिश, शिवाय भारतात येण्या-राहण्याची मोकळीक देणारं ओसीआय कार्ड आहे. मी रेल्वेच्या सिग्नलिंगमध्ये होतो, आता निवृत्ती घेतोय. मुलगी लग्न होऊन मँचेस्टरला गेली. तीन खोल्यांच्या घरात दोघं बसून हीटिंगचं बिल आणि काउन्सिल टॅक्स भरतो, असं सध्याचं आयुष्य.

गेल्या डिसेंबरात थायलंडला चिआंग माईत जाऊन आलो. सकाळी स्वेटर, दुपारी अर्धी बाही, संध्याकाळी रस्त्यावर बसून गरमागरम काहीतरी खायचं. बायकोनं तिथेच जाहीर केलं की म्हातारपण इथे काढायचं. मी वही घेऊन हिशेबाला बसलो आणि तिथेच गाडी अडली. यूट्यूबवर जे इंग्रज सांगतात त्यांचं सगळं बिअरच्या भावापासून सुरू होतं आणि बायकोच्या माहेरच्या भांडणात संपतं. आमच्या उपयोगाचं त्यात काही नाही.

विचारायचं ते असं. ब्रिटिश पासपोर्टवर तिथे राहायचं तर कागदपत्रांचा रगाडा किती? पेन्शनवर भागतं का? बायको शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. आई डोंबिवलीला भावाकडे आहे, ८६ वर्षांची, तिच्याकडे पटकन पोचता आलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे सुट्टी संपली की दिवस कसा जातो? हॉटेलातून नव्हे, घरातून बघितलेलं थायलंड कुणी सांगेल का?

थंडाचहा

ओसीआय आहे, मराठी येतं, पौंड हातात आहेत. मग पुणं का नको? बाणेरला फ्लॅट घ्या. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, दर ९० दिवसांनी सरकारला पत्ता कळवावा लागतो. आपलं असून दुसऱ्याच्या दारात कशाला उभं राहायचं?

हॅरोकर

@थंडाचहा, पुण्याचा विचार झाला. दोघांनाही आता तिथली वाहतूक सोसत नाही. शिवाय पुण्यात राहिलो की दर रविवारी कुणाची तरी मुंज, बारसं, साखरपुडा. तुम्ही हसाल, पण बायकोला नातेवाइकांपासून चार तासांचं अंतर हवंय, चाळीस मिनिटांचं नको.

मिरजकरीण

हॅरोकर, मी लिहिते. लांबेल, कंटाळा आला तर पुढचं उद्या वाचा.

मी चिआंग माईच्या दक्षिणेला हांग डोंगला राहते. मूळची मिरजेची, नर्सिंग तिथेच शिकले, १९८३ ला इंग्लंडला गेले आणि सगळी नोकरी लीड्सच्या वॉर्डांमध्ये झाली. आमचे हे यॉर्कशरचे, बस चालवायचे. २०१६ च्या डिसेंबरात आम्ही इथे आलो.

आधी पैशाचं बोलू. बाकी सगळ्याला काही ना काही तोडगा निघतो, याला निघत नाही. ब्रिटिश सरकारी पेन्शन थायलंडमध्ये गोठते. तिकडे दर एप्रिलला ती वाढते, इथे राहणाऱ्याची वाढत नाही. ह्यांना ऑक्टोबर २०१६ मध्ये पेन्शन लागली, तेव्हाचा पूर्ण दर आठवड्याला १५५ पौंड ६५ पेन्स. आजही तेवढेच येतात. लीड्समध्ये राहिले असते तर २०२५-२६ मध्ये २३० पौंड २५ पेन्स मिळाले असते. दर आठवड्याला पंचाहत्तर पौंडांचा फरक, आणि तो दर वर्षी रुंदावतोय. माझी पेन्शन २०२४ मध्ये सुरू झाली. वर्षं सगळी भरलेली होती, म्हणून तेव्हाच्या दरानं २२१ पौंड २० पेन्स लागले आणि तिथेच गोठले. एकाच घरात, एकाच देशाची पेन्शन, आणि बायकोची नवऱ्याहून ६५ पौंड जास्त! घरात आवाज कुणाचा, हे वेगळं सांगायला नको.

आणि थंडाचहा, पुण्याला गेलं तरी ती गोठतेच बरं का. भारतही त्याच यादीत आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलियासुद्धा. अमेरिकेत किंवा फिलिपिन्सला राहिलं तर वाढ मिळते, कारण त्यांच्याशी ब्रिटनचा तसा करार आहे. थायलंडशी नाही. ह्यात न्याय काय, ते मला विचारू नका. ह्यांना तर अजिबात विचारू नका, संध्याकाळ जाईल.

तुमच्यापुरतं बघायचं तर तुमची पेन्शन सदुसष्टाव्या वर्षी लागणार. त्या वेळी जो दर असेल त्या दरानं सुरू होईल, म्हणजे तोवरचं नुकसान नाही. खरी परीक्षा त्यानंतर. सदुसष्टाव्या वर्षी ठरलेली रक्कम सत्त्याऐंशीव्या वर्षीही तीच असेल. नोकरीची पेन्शन वेगळी. माझी एनएचएसची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची पेन्शन महागाईप्रमाणे वाढते, मी कुठेही राहत असले तरी. आमचं घर त्यावर उभं आहे. तुमच्या रेल्वेच्या पेन्शनीचा नियम आधी लेखी मागवून घ्या.

पौंडाचंही बघा. वीस वर्षांपूर्वी आलेली मंडळी सांगतात की पौंडाला सत्तर बाट मिळायचे. आता चाळिशीत. २०२५ ची पूर्ण सरकारी पेन्शन धरली तर महिन्याला हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे ४४ हजार बाट. आमचं घर दोन बेडरूमचं, भाडं १६ हजार. दोघांचं खाणं, वीज, स्कूटरचं पेट्रोल धरून आम्ही नीट राहतो. एप्रिलमध्ये एसीमुळे वीज डोकं वर काढते. पण इथे येऊन इंग्लंडसारखंच खायचं म्हणाल तर इंग्लंडपेक्षा जास्त लागतील. चेडर आणि मार्माइटचे भाव बघून हे दुकानात हात मागे बांधून फिरतात.

आता कागद. पन्नाशी ओलांडली की निवृत्तीच्या कारणानं राहता येतं. त्यासाठी थाई बँकेत आठ लाख बाट ठेवा, साधारण अठरा हजार पौंड, नाहीतर दर महिन्याला बाहेरून ६५ हजार बाट आलेले दाखवा. पूर्वी ब्रिटिश वकिलात उत्पन्नाचं पत्र द्यायची, २०१९ पासून देत नाही. त्यामुळे महिन्याचे पैसे दाखवायचे तर बँकेच्या पुस्तकात ते परदेशातून आले अशी स्पष्ट नोंद लागते. आठ लाखांचा रस्ता सोपा, पण ते पैसे तुमचे असून तुमचे नाहीत. अर्जाआधी दोन महिने आणि नंतर तीन महिने हात लावायचा नाही, पुढेही चार लाखांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. दर वर्षी मुदतवाढ, फी १९०० बाट.

मुदतवाढीचा दिवस कसा असतो ते सांगते. पहाटे निघायचं, टोकन घ्यायचं. बाजूच्या झेरॉक्सवाल्याकडे पासपोर्टची पानं, बँकेचं पुस्तक, घरमालकाचे कागद, सगळ्याच्या प्रती काढायच्या आणि प्रत्येक पानावर सही ठोकायची. शिवाय घरापर्यंतचा नकाशा लागतो. आमचे हे तो दर वर्षी पट्टी-पेन्सिल घेऊन काढतात. हमरस्ता, कालवा, देऊळ, सेव्हन-इलेव्हन, मग आमची गल्ली, आणि दारात आंब्याचं झाड. आंब्याची गरज नाही, पण ते काढतातच. खिडकीतल्या मुलीनं एकदा झाडाकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं आणि शेजारच्या दोघी हसल्या. त्या दिवशी आमचं काम भराभर झालं.

माझं मात्र तिथे दर वेळी कोडं होतं. आधी भारतीय म्हणून मला एका रांगेत पाठवतात, मग पासपोर्ट बघून दुसरीकडे. ब्रिटिश पासपोर्ट, मिरजेचा जन्म आणि गोरा नवरा, हे तिन्ही एकत्र बसवायला त्यांना मिनिटभर लागतं. कुणी वाईट वागलं नाही. बाजारात मात्र फरक कळतो. ह्यांना किमती चढवून सांगतात आणि माझ्याशी घासाघीस होणार हे गृहीत धरून त्याहून चढवून सांगतात.

९० दिवसांच्या पत्त्याचा बाऊ करू नका. तारखेआधी पंधरा दिवस ते नंतर सात दिवस एवढी सवलत असते, ऑनलाइनही होतं, चुकलं तर २००० बाट दंड. विसरू नये ते दुसरंच. देशाबाहेर जाण्याआधी री-एंट्री परमिट घ्यायचं. एका फेरीचं १००० बाट, वर्षभर कितीही फेऱ्यांचं ३८०० बाट. ते न घेता विमानात बसलात की वर्षाची मुदतवाढ तिथेच संपली, पुन्हा पहिल्यापासून. तुमची आई ८६ ची आहे. रात्री फोन आला तर सकाळी निघावं लागेल. ३८०० वालंच घ्या. बँकॉकहून मुंबई चार-साडेचार तास.

दिवस कसा जातो म्हणाल, तर सकाळी आधी गावप्रमुखाचा भोंगा. खांबावरच्या कर्ण्यातून पाणी कधी जाणार, कुत्र्यांना लस कधी, कुणाकडे मयत झालं, सगळं सांगतात. मग आठ वाजता राष्ट्रगीत. त्यानंतर भाजीची गाडी. ही म्हणजे छोटा पिकअप ट्रक, आणि त्याच्या चारी बाजूंनी प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकलेल्या. प्रत्येक पिशवीत एकेका वेळेची भाजी. याला फुम-फुआंग म्हणतात. गाडीवरच्या बाईनं मला पहिल्यांदा जी जुडी दिली ती बघून मी चाट पडले: तोंडलीचा पाला! आपण तोंडली खातो आणि पाला टाकतो. हे लोक पाल्याचं सूप करतात, तोंडली वेलीवरच राहतात. त्याच गाडीवर केळफूल, कोवळा फणस, शेवग्याच्या शेंगा, अंबाडीची लाल बोंडं. कोवळ्या फणसाचा रस्सा तर इथे उत्तरेत अगदी घरचा पदार्थ, मंगल कार्यातही करतात. मी त्यात गोडा मसाला घालून बघितला. शेजारीण खाऊन म्हणाली, औषधासारखा वास येतो, आणि वाटी पुसून परत दिली.

दुपारी कुणी बाहेर पडत नाही. संध्याकाळी हे त्यांच्या मित्रांत. त्या मंडळींबद्दल माझं मत विचाराल तर निम्मे सोन्यासारखे. उरलेले सकाळी अकराला बिअर उघडतात आणि पौंड, पेन्शन, थाई सरकार या क्रमानं सगळ्यांना शिव्या घालतात. दहा वर्षं राहून भाजीवालीशी दोन वाक्यं बोलता येत नाहीत. तुम्ही थाई शिका. त्यातले शब्दाचा अर्थ बदलणारे सूर आपल्याला अवघड जातात, पण ‘त’ आणि ‘थ’, ‘प’ आणि ‘फ’ वेगळे काढताना इंग्रजाचा जो घाम निघतो तो आपला निघत नाही.

शेवटचं, आणि डिसेंबरात गेलेल्याला हे कुणी सांगत नाही. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत इथे धूर असतो. शेतं जाळतात, जंगलं पेटतात, सीमेपलीकडूनही येतो. खोऱ्यात गाव, त्यामुळे धूर हलत नाही. डोई सुथेप एवढा थोरला डोंगर, तो दिसेनासा होतो. काही दिवस तर जगातल्या सगळ्यांत खराब हवेच्या शहरांत आमचं नाव वर असतं. ह्यांना दम्याचा त्रास आहे. आम्ही तेव्हा मिरजेला जातो, नाहीतर हुआ हिनला समुद्राकडे. म्हणजे भाडं दोन घरांचं. हे तुमच्या वहीत मांडलेलं नसणार.

नगरी

मावशी, मस्त लिहिलंत. जरा अवांतर करतो, अहिल्यानगरच्या माणसाला राहवत नाही.

सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या राजवाड्यात राजा मोंगकुटच्या मुलांना इंग्रजी शिकवायला गेलेली ती प्रसिद्ध इंग्रज बाई, ॲना लिओनोवेन्स, आमच्या नगरची. जन्म १८३१ चा, तिथल्या छावणीतला. लग्नही पुण्यातच लागलं. तिनं पुढे आपला जन्म वेल्सचा म्हणून सांगितलं आणि शंभरेक वर्षं लोकांनी ते खरं धरलं. तिच्यावर जे सिनेमे निघाले त्यांच्यावर थायलंडमध्ये बंदी आहे, राजाचं चित्रण तिथे कुणाला रुचलं नाही. तिचा मुलगा लुई मात्र उत्तरेत सागवानाच्या धंद्यात शिरला आणि चांगला बस्तान बसवून राहिला. तेव्हा मिरजकरीणबाई, तुमच्या भागात ब्रिटिश पासपोर्टवाल्या महाराष्ट्री मंडळींची परंपरा जुनी आहे!

मिरजकरीण

@नगरी, हे मला ठाऊक नव्हतं. ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, म्हणजे जन्मगाव लपवायची सोय तेव्हा होती तर. इमिग्रेशनच्या खिडकीत ती आता नाही.

सुखुमवितकर

मी बँकॉकला नोकरीत आहे, भारतीय पासपोर्टवर, त्यामुळे ब्रिटिश पेन्शनीतलं कळत नाही. दोन गोष्टी सांगतो.

शाकाहार. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. माशाचं पाणी आणि कोळंबीचा वाटलेला गोळा हे इथल्या स्वयंपाकात मिठाच्या जागी आहेत. हिरव्या भाजीतही असतात, चटणीत तर असतातच. ‘जे’ असा शब्द वापरा. दुकानावर पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसेल, तिथे मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही. पण कांदा-लसूणही नाही, म्हणजे वहिनींना चालेल पण तुम्हाला चार दिवसांत ठेचा आठवेल. बँकॉकला पाहुरातमध्ये तूरडाळ, हिंग, कढीपत्ता सगळं मिळतं. सोललेली मुगाची डाळ तर साध्या थाई बाजारातही असते, ते तिची मिठाई करतात.

दुसरं, कर. २०२४ पासून नियम बदललाय. वर्षात १८० दिवस राहिलात की तुम्ही इथले कर-रहिवासी, आणि बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर इथे कर लागू शकतो. ब्रिटनशी दुहेरी कराचा करार १९८१ पासून आहे, पण कुठली पेन्शन त्यात बसते आणि कुठली नाही हे जाणकाराला पैसे देऊन विचारा. बारमध्ये फुकट विचारू नका.

मावशींशी एक मतभेद. आठ लाख अडकवण्यापेक्षा एजंट गाठा असं इथे बरेच सांगतात, तो सगळं ‘करून देतो’. मला वाटतं सोय म्हणून हे वाईट नाही.

मिरजकरीण

@सुखुमवितकर, फॉर्म भरून देणारा, रांगेत उभा राहणारा एजंट असेल तर जरूर घ्या. पण ‘तुमच्या खात्यात आठ लाख नसले तरी चालतील’ म्हणणारा एजंट काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. सत्तरीच्या माणसानं खोट्या कागदावर राहायचं म्हणजे दर वर्षी धडधड. माझं मत बदलणार नाही.

हॅरोकर

मिरजकरीणताई, फार आभार. बायकोनं तोंडलीच्या पाल्याचा भाग मोठ्यानं वाचून घेतला. धुराचं खरंच माहीत नव्हतं.

आता खरी भीती विचारतो. आजारपण. मला मधुमेह आहे, गोळ्यांवर आहे. एनएचएस सोडून जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. विमा किती लागतो? आणि हॅरोचं घर विकावं की ठेवावं?

मिरजकरीण

घर विकू नका. भाड्यानं द्या. कारण सांगते.

देश सोडून कायमचे गेलात की एनएचएसवरचा फुकट उपचाराचा हक्क संपतो. सुट्टीला गेलात आणि गुडघा दुखला म्हणून तो बदलून घ्यायचा, असं चालत नाही. पण पुन्हा कायमचे राहायला गेलात तर हक्क त्याच दिवसापासून परत मिळतो. पेन्शनही तिथल्या चालू दरावर जाते. म्हणजे तुमचा परतीचा दरवाजा खरंच उघडा आहे, अट एवढीच की आत शिरल्यावर राहायला छप्पर पाहिजे. घर विकून आलेले आमच्या ओळखीत आहेत. ऐंशीव्या वर्षी विसरायला लागले, मुलं म्हणाली परत या, पण त्या पैशात आता त्यांच्या गावात गॅरेजही येत नाही. इंग्लंडमधला पत्ता राहिला की बँकही धड वागते. आमच्या एका बँकेनं पत्ता थायलंडचा झाल्यावर पत्र पाठवून खातं बंद केलं, तेव्हा पेन्शन दुसरीकडे वळवायला महिने गेले.

विमा. व्हिसाचे दोन प्रकार तुम्हाला दिसतील. ‘ओ-ए’ घेतलात तर आरोग्यविमा सक्तीचा आहे, तीस लाख बाटांचा. साध्या ‘ओ’ वर इथे येऊन मुदतवाढ घेतली तर तो मागत नाहीत. म्हणून बरेच जण विम्याशिवाय राहतात. मी नर्स म्हणून सांगते, विमा घ्या आणि सत्तरीच्या आत घ्या, नंतर कंपन्या दारात उभं करत नाहीत. मधुमेह ते बहुधा वगळतील. त्याचा खर्च खिशातून धरा. गोळ्या इथे स्वस्त आहेत, मेटफॉर्मिन कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते, तिथला फार्मासिस्ट बहुतेक वेळा चांगला शिकलेला असतो. पण इंग्लंडमध्ये डोकं दुखलं की आपण को-कोडामॉल घेतो ना, ती पिशवीत टाकून आणू नका. त्यातलं कोडीन इथे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. जावई व्हेपिंग करत असेल तर त्यालाही सांगून ठेवा, ते इथे बेकायदा आहे.

रुग्णालयं उत्तम आहेत. खासगीत हॉटेलसारखा थाट आणि बिलही तसंच. आम्ही विद्यापीठाच्या रुग्णालयात जातो. नाव बघा, महाराज नकोर्न! लोक सुआन डोक म्हणतात. सकाळी जाऊन नंबर, वजन, रक्तदाब, मग बाकावर बसायचं. अर्धा दिवस जातो. मिरजेच्या सिव्हिलची आठवण येते, फरक इतकाच की इथे कुणी ओरडत नाही. ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन तिथेच झालं. टाके मी स्वतः तपासले. लीड्समध्ये माझ्या वॉर्डातल्या सर्जननी इतके सुबक घातले असते तर मी पेढे वाटले असते.

स्कूटरचं नीट ऐका. गाडी इथे डाव्या बाजूनं चालते, त्यामुळे इंग्लंड आणि भारत दोन्हीकडची सवय चालते, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो. गाडीच्या परवान्यावर स्कूटर चालवायची नाही. दुचाकीचा परवाना वेगळा, तो नसेल तर अपघातात विमा हात वर करतो. इंग्लंडमधल्या हल गावचा एक गृहस्थ, चांगला माणूस, पावसात घसरला, मांडीचं हाड मोडलं. कंपनीनं पहिला प्रश्न परवान्याचा विचारला आणि फाइल बंद केली. मित्रांनी वर्गणी काढली. थाई परवाना काढा, आधी दोन वर्षांचा, मग पाच वर्षांचा. रंग ओळखणे, ब्रेकवर पाय किती पटकन जातो, असल्या चाचण्या असतात. शाळेच्या प्रयोगशाळेतली यंत्रं वाटतात.

आणि हयातीचा दाखला! आपल्याकडे नोव्हेंबरात बँकेत रांग लावतात ना, तसाच प्रकार. ब्रिटनहून टपालानं फॉर्म येतो, जिवंत आहात हे एका साक्षीदाराच्या सहीनिशी कळवायचं. फॉर्म टपालात हरवला की पेन्शन थांबते. आमचं पाकीट एकदा पोस्टमननं आमच्याऐवजी समोरच्या आजींकडे टाकलं होतं, त्यांनी ते देव्हाऱ्यापाशी जपून ठेवलं होतं, परदेशी शिक्का बघून.

मरणाचं विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. इथल्या पैशांचं मृत्युपत्र इथेच करा, थाई भाषेत. खातेदार गेला की बँक खातं गोठवते आणि आठ लाख त्यातच असतात. दहनाची व्यवस्था देवळात होते, ब्रिटिश असलात तरी. चिआंग माईत परदेशी लोकांचं वेगळं दफनस्थानही आहे, राजा चुलालोंगकोर्ननं १८९८ मध्ये जागा दिली. तिथे राणी व्हिक्टोरियाचा पुतळा आहे, मुंबईत काढून टाकले तसा कुणी काढला नाही. त्याच वर्षी सागवानाच्या ब्रिटिश व्यापाऱ्यांनी जिमखाना क्लब काढला. तिथे क्रिकेट चालतं, सहा-सहा जणांच्या संघांची स्पर्धा १९८८ पासून भरते. तुम्ही डोंबिवलीचे, म्हणजे बॅट घरात असणारच.

हॅरोकर

बॅट आहे, गुडघा नाही!

ठरवलं. घर भाड्यानं देणार, विकणार नाही. आणि आधी धुराच्या दिवसांत मार्चमध्येच येऊन महिनाभर राहून बघणार. बायको म्हणते, वाईटात वाईट आधी बघू. एक शेवटचं: बायकोसाठी वेगळे आठ लाख लागतात का? सगळे पैसे माझ्या नावावर आहेत.

मिरजकरीण

मार्चचं बरोबर ठरवलंत. खोली घेताना एअर प्युरिफायर आहे का ते विचारा, आणि मास्क इंग्लंडहून आणू नका, इथे प्रत्येक दुकानात आहेत.

वेगळे लागत नाहीत. एकानं पैसे दाखवायचे, दुसऱ्यानं नवरा-बायकोचं नातं दाखवून त्याच्या आधारावर मुदतवाढ घ्यायची. पण त्यासाठी लग्नाचा दाखला लागतो आणि नुसती झेरॉक्स चालत नाही, प्रमाणित केलेला हवा. आमचं लग्न लीड्सला नोंदलेलं, ते काम लंडनहून झालं. तुमचं डोंबिवलीला झालं असणार. तर तिथल्या महापालिकेतून नवीन दाखला काढा, मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि पुढचं प्रमाणीकरण भारतातच उरका. वहिनींचं माहेरचं नाव दाखल्यावर आणि पासपोर्टवर एकाच स्पेलिंगमध्ये आहे ना, तेही बघा, इथे एका अक्षरावरून परत पाठवतात. थायलंडमध्ये बसून हे करायला गेलात तर भावाला तुमच्यासाठी नोकरीतून रजा घ्यावी लागेल. आईला भेटायला जाल तेव्हाच करून टाका.